वाचकांचे प्रश्न : डोळ्यांतून सतत येणारे पाणी आणि डीसीआर शस्त्रक्रिया

डोळ्यांतून अकारण पाणी येते, अशी तक्रार मांडणारी अनेक पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांपैकी अश्रुमार्ग बंद होणे आणि त्यावरची डीसीआर ही शस्त्रक्रिया (अश्रूंना नाकात उतरण्यासाठी नवी वाट करणे) यांविषयीची निवडक पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या आईचे वय 68 आहे. नेत्रशिबिरात तिची उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी निवड झाली होती. रुग्णालयात नेल्यावर मात्र ‘पिशवीत पू आहे, आधी त्याचे ऑपरेशन करून घ्या’ असे सांगून तिला परत पाठवले. मोतीबिंदू डोळ्याच्या आत आणि पू नाकाजवळ, मग एकाचा दुसऱ्याशी संबंध काय? थेंब टाकून पू जाणार नाही का? (एक वाचक, निफाड, जि. नाशिक)

उत्तर : तुमच्या आईंना परत पाठवणाऱ्या डॉक्टरांनी योग्य तेच केले, हे आधी सांगते, कारण ऐन वेळी शस्त्रक्रिया रद्द झाली की घरच्यांना राग येतो आणि मग दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणी पुवाची गोष्ट न सांगता मोतीबिंदू काढून घेण्याचा विचार मनात येऊ शकतो. तसे कृपा करून करू नका.

अश्रू डोळ्याच्या वरच्या, कानाकडील बाजूला असलेल्या ग्रंथीत तयार होतात, पापण्यांच्या उघडझापीबरोबर बुबुळावर पसरतात आणि नाकाकडील कोपऱ्यात पोहोचतात. तिथे वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढे एकेक छिद्र असते. आरशासमोर खालची पापणी किंचित बाहेर ओढली तर ते कोणालाही दिसू शकते. या छिद्रांतून सुमारे 10 मिलिमीटर लांबीच्या दोन बारीक नलिका निघतात आणि नाकाच्या हाडाला लागून असलेल्या अश्रुपिशवीत उतरतात. पिशवीच्या खालच्या टोकापासून निघणारी मुख्य नलिका हाडातल्या बोगद्यातून जाऊन नाकाच्या आत उघडते. रडताना नाकही वाहू लागते ते याच मार्गामुळे. ही मुख्य नलिका बंद झाली की अश्रू पिशवीत साचतात, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि त्याचा पू होतो. गावाकडे याला लासरू म्हणतात. पिशवीवर बोटाने दाबले की पू छिद्रांतून उलटा डोळ्यात येतो, आणि मोतीबिंदूपूर्वीच्या तपासणीत नेमके हेच दाबून पाहिलेले असते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बुबुळाच्या कडेला छेद घेऊन डोळ्याच्या आत जावे लागते. अशा वेळी शेजारच्या पिशवीतून जंतूंनी भरलेला पू डोळ्यावर झिरपत असेल, तर ते जंतू छेदातून आत शिरण्याचा धोका राहतो. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत किंवा दिवसांत दृष्टी कायमची जाऊ शकते. मोतीबिंदू काही आठवडे थांबू शकतो. गेलेली दृष्टी मात्र परत आणता येत नाही.

थेंबांविषयी म्हणाल तर प्रतिजैविकाच्या थेंबांनी पू तात्पुरता कमी होतो, पण बंद झालेली नलिका उघडत नाही. थेंब थांबवले की पू पुन्हा साचतो. ज्यांच्या पिशवीतला पू असा वर्षानुवर्षे ‘थेंबांवर’ ठेवला जातो त्यांच्यावर खरे तर उपचार होतच नसतात, हे मी कळकळीने सांगते.

आईंच्या वयात दोन मार्ग असतात. पहिला डीसीआर, म्हणजे अश्रुपिशवी आणि नाक यांच्यामध्ये नवा मार्ग तयार करणे. याने पूही थांबतो आणि पाणीही. दुसरा डीसीटी, म्हणजे पिशवीच काढून टाकणे. ही शस्त्रक्रिया लहान असते, वेळ कमी लागतो आणि रक्तस्रावही कमी होतो. त्यामुळे अतिवृद्ध, हृदयविकार असलेल्या किंवा डोळे मुळातच कोरडे असलेल्या रुग्णांसाठी ती अनेकदा सुचवली जाते. तीत पुवाचे मूळ जाते, पण अश्रूंना वाट मिळत नसल्याने पाणी येणे पुढेही चालू राहू शकते. अडुसष्टाव्या वर्षी आईंची प्रकृती एरवी चांगली असेल तर डीसीआरविषयी आग्रहाने विचारा, केवळ वयाकडे पाहून पिशवी काढण्यास संमती देऊ नका. त्यानंतर जखम भरली, पू थांबला आणि पापणीच्या छिद्रातून सिरिंजने सोडलेले पाणी घशात उतरते हे तपासून खात्री झाली की काही आठवड्यांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया निर्धास्तपणे करता येईल. शासकीय आरोग्य योजनेखाली ही शस्त्रक्रिया होऊ शकेल का, हे योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका दाखवून आधीच विचारून घ्यावे.

प्रश्न : मी 46 वर्षांची असून शिक्षिका आहे. चार वर्षांपासून डाव्या डोळ्यातून पाणी येते. वर्गात शिकवताना सतत रुमाल हातात धरावा लागतो आणि मुले ‘बाई, तुम्ही रडता का’ असे विचारतात. तपासणीत नलिका पूर्ण बंद असल्याचे निदान झाले. एक डॉक्टर बाहेरून छेद घेऊन ऑपरेशन करू म्हणतात, दुसरे नाकातून दुर्बिणीने करू म्हणतात. चेहऱ्यावर व्रण राहील का? दोन्हींपैकी खात्रीचे कोणते? आणि मुळात हे मलाच का झाले? (एक वाचिका, कराड)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. चाळिशीनंतर कोणतेही ठळक कारण नसताना मुख्य नलिकेच्या आतील अस्तराला हळूहळू सूज येते, तिथे तंतू वाढतात आणि नलिका आवळत जाऊन बंद होते. हा प्रकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो. स्त्रियांमध्ये हाडातला बोगदा तुलनेने अरुंद असतो, हे त्याचे एक कारण मानले जाते. यात तुमच्या हातून काही चुकलेले नाही. जास्त वाचल्यामुळे किंवा चष्मा न वापरल्यामुळे ही नलिका बंद होत नाही.

शस्त्रक्रियेविषयी एक गोष्ट आधी स्पष्ट व्हायला हवी. डीसीआरमध्ये बंद नलिका साफ करत नाहीत, ती आहे तशीच सोडून देतात. अश्रुपिशवी आणि नाकाची पोकळी यांच्यामध्ये एक पातळ हाड असते. त्या हाडाला साधारण एक ते दीड सेंटिमीटरची खिडकी पाडायची, पिशवीचे अस्तर आणि नाकाचे अस्तर एकमेकांशी जोडायचे आणि अश्रू पिशवीतून थेट नाकात उतरतील अशी व्यवस्था करायची, हे या शस्त्रक्रियेचे सार आहे. म्हणूनच ‘सळई घालून नलिका मोकळी करता येणार नाही का’ या अनेकांच्या शंकेचे उत्तर प्रौढांच्या बाबतीत सहसा ‘नाही’ असेच असते, कारण तंतूंनी आवळलेल्या नलिकेत सळई घातली तरी ती थोड्याच काळात पुन्हा बंद होते.

बाहेरून छेद घेण्याची पद्धत इटलीतील आदेओ तोती यांनी 1904 मध्ये मांडली, आणि दोन्ही अस्तरे टाके घालून जोडण्याची सुधारणा दुप्वी-द्युतां आणि बूर्गे या फ्रेंच डॉक्टरांनी 1921 मध्ये प्रसिद्ध केली. त्या सुधारणेनंतर या शस्त्रक्रियेला खरे यश येऊ लागले आणि आजही मूळ रीत तीच आहे. नाकातून जाण्याची कल्पना त्याहीपूर्वीची, 1893 मध्ये अमेरिकेत कॉल्डवेल यांनी मांडलेली आहे. परंतु नाकाच्या अंधाऱ्या, अरुंद पोकळीत नीट दिसत नसल्याने ती मागे पडली. बारीक दुर्बिणी आल्यावर 1989 च्या सुमारास ती नव्या रूपात परत आली.

बाहेरच्या पद्धतीत डोळ्याचा कोपरा आणि नाक यांच्यामध्ये एक सेंटिमीटरहून थोडा मोठा छेद घेतात. तो त्वचेच्या नैसर्गिक रेषेत घेतला आणि टाके बारीक घातले, तर काही महिन्यांत बहुतेकांच्या चेहऱ्यावर तो शोधावा लागतो. मात्र ज्यांच्या जखमांवर पूर्वी जाड, उंचवट्यासारखे व्रण आले आहेत त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे. दुर्बिणीच्या पद्धतीत त्वचेवर छेद नसतो आणि नाकाचा पडदा वाकडा असेल तर तोही त्याच वेळी दुरुस्त करता येतो. तिच्यासाठी सहसा पूर्ण भूल, विशेष साधने आणि त्यांवर हात बसलेला शल्यविशारद लागतो, त्यामुळे खर्च बहुधा वाढतो. बाहेरची शस्त्रक्रिया प्रौढांमध्ये डोळ्याजवळ आणि नाकात बधिरतेचे औषध देऊन जागेपणीही करता येते. त्या वेळी दुखत नाही, पण हाड कापताना दाब जाणवतो आणि आवाज ऐकू येतो. याची कल्पना रुग्णाला आधी दिली तर तो घाबरत नाही.

यशाचे प्रमाण अनुभवी हातांत दोन्ही पद्धतींत जवळपास सारखे, म्हणजे शंभरात नव्वदच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. म्हणून पद्धत कोणती यापेक्षा ती करणारे डॉक्टर नियमितपणे कोणती करतात, याला मी अधिक महत्त्व देईन. दोन्ही डॉक्टरांना हा प्रश्न विचारा. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. त्यातही वर्गात रोज मुलांसमोर उभे राहायचे असल्याने व्रणाची चिंता मनातून जातच नसेल, तर दुर्बिणीचा मार्ग निवडणे हेही पूर्णपणे रास्त कारण आहे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि लपवूनही ठेवू नका. नाकाच्या अस्तरात रक्तवाहिन्या भरपूर असतात. या गोळ्या किती दिवस थांबवायच्या किंवा थांबवायच्याच नाहीत, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी मिळून ठरवायचे असते. रक्तदाब आटोक्यात नसेल तर शस्त्रक्रियेची घाई करू नये.

प्रश्न : आमचे बाळ पाच महिन्यांचे आहे. जन्मानंतर काही दिवसांतच उजव्या डोळ्यातून पाणी आणि चिपडे येऊ लागली. सासूबाई डोळ्यात आईचे दूध पिळायला सांगतात. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, मसाज करा, वर्षभर थांबा. इतके थांबणे योग्य आहे का? (एक आई, पनवेल)

उत्तर : होय, योग्य आहे, आणि मसाज मनापासून केला तर बहुतेक बाळांना शस्त्रक्रिया लागतच नाही. मुख्य नलिकेच्या नाकातल्या टोकाशी एक पातळ पडदा असतो, तो जन्माच्या सुमारास उघडायचा असतो. काही बाळांमध्ये तो उघडायला उशीर लागतो. अशा दहा बाळांपैकी साधारण नऊ बाळांत वयाच्या पहिल्या वर्षाच्या आत तो आपोआप उघडतो.

ज्याला मसाज म्हणतात तो डोळा चोळणे नव्हे, आणि अनेक घरांत नेमकी इथेच गफलत होते. क्रिगलर यांनी 1923 मध्ये सांगितलेली ही रीत आजही तशीच वापरली जाते. नखे कापून, हात स्वच्छ धुऊन, करंगळीचे टोक बाळाच्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यावर ठेवावे, हलके पण ठाम दाबावे आणि दाब न सोडता बोट नाकाच्या कडेने खाली आणावे. पिशवीतल्या पाण्याच्या दाबाने खालचा पडदा उघडावा हा त्यामागचा उद्देश आहे. असे पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा करावे. दूध पाजताना बाळ शांत असते तेव्हा ते सहज जमते. चिपडे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने, आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला पुसावीत. प्रतिजैविकाचे थेंब पिवळा पू वाढला किंवा डोळा लाल झाला तरच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरते टाकावेत.

आईचे दूध डोळ्यात घालू नका. सासूबाईंचा हेतू मायेचाच आहे, पण दुधाने पडदा उघडत नाही, आणि साखर असलेला तो द्रव डोळ्यात साचून राहणे बाळाच्या हिताचे नाही. काजळही घालू नका, मग ते घरी धरलेले का असेना.

वर्षाच्या आसपास पाणी थांबले नाही, तर बाळाला थोडा वेळ भूल देऊन बारीक सळईने तो पडदा उघडतात. याला प्रोबिंग म्हणतात. ते काही मिनिटांचे काम असते आणि बहुतेक मुले त्याच दिवशी घरी जातात. क्वचित ते पुन्हा करावे लागते किंवा काही काळ सिलिकॉनची नळी ठेवावी लागते. लहान मुलांवर डीसीआर करण्याची वेळ फार थोड्यांवर, आणि तीही सहसा तीन-चार वर्षांच्या वयानंतर येते.

मात्र दोन प्रसंगी वर्षभर थांबू नये. जन्मतः किंवा पहिल्या काही दिवसांत डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात निळसर गाठ दिसत असेल तर बाळाला लगेच दाखवावे, कारण ती नाकाच्या आत वाढून श्वासात अडथळा आणू शकते, आणि नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. दुसरा प्रसंग याहून अधिक वेळा नजरेतून सुटतो. डोळ्यातून पाणी येते पण चिपडे नाहीत, उजेडात बाळ डोळे घट्ट मिटून घेते, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसते, अशी लक्षणे असतील तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. ‘बाळाचे डोळे किती टपोरे’ म्हणून कौतुक होत असताना त्याची दृष्टी जात असते. अशा बाळाला त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे नेलेच पाहिजे.

प्रश्न : महिन्यापूर्वी माझ्या डोळ्याजवळ, नाकाच्या कडेला लाल, ठणकणारी गाठ आली, ताप आला. मी मीठ-पाण्याचा शेक दिला आणि वर लेप लावला. ती फुटून पू गेला, दुखणे थांबले. आता तिथे एक बारीक भोक असून त्यातून अधूनमधून पाणी येते. मला मधुमेह आहे. आता दुखत नाही तर ऑपरेशनची गरज आहे का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आहे. ती साधी गाठ नव्हती, अश्रुपिशवीत झालेले गळू होते. ते त्वचेतून फुटल्याने वेदना थांबल्या, पण मूळ नलिका बंदच आहे आणि अश्रूंनी गालाकडे वाट काढली आहे. ते भोक वरवर भरले तरी पुन्हा गळू होण्याची शक्यता राहते, आणि मधुमेहात ते अधिक वेगाने पसरू शकते. रक्तातील साखर आटोक्यात आणून डीसीआर करून घ्यावी. आतून वाट मिळाली की बाहेरचे भोक बहुधा आपोआप भरते. असे गळू पुन्हा झाले तर लेप न लावता, न दाबता, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण आधी प्रतिजैविके देऊन सूज उतरवावी लागते. त्या अवस्थेत सिरिंजने पाणी सोडणे किंवा सळई घालणे वर्ज्य असते. सूज सबंध डोळ्यावर पसरली, डोळा फिरवताना दुखू लागले, एकाचे दोन दिसू लागले किंवा नजर मंदावली, तर रात्र असली तरी रुग्णालयात जावे.

प्रश्न : माहेरी छत्तीसगडात गेल्यावर आम्ही तळ्यात आंघोळ करतो. माझ्या भावाच्या डोळ्यातून पाण्याबरोबर रक्त येते आणि कोपऱ्यात मऊ गाठ लागते. हेही नलिका बंद झाल्यानेच का? (एक वाचिका, गोंदिया)

उत्तर : तसे गृहीत धरू नका. रक्तमिश्रित पाणी हे नेहमीच्या अडथळ्याचे लक्षण नाही. तळ्यातल्या साचलेल्या पाण्याशी संबंध असलेला ऱ्हायनोस्पोरिडिओसिस नावाचा आजार छत्तीसगडात आढळतो. तो नाकात तसाच अश्रुपिशवीतही होतो. पिशवीत तो असेल तर डीसीआर करत नाहीत, पिशवी पूर्ण काढावी लागते, कारण नाकाकडे वाट उघडल्यास आजार तिकडे पसरू शकतो. अशीच लक्षणे पिशवीतल्या अर्बुदामुळेही (ट्यूमरमुळेही) दिसू शकतात. भावाला लवकर नेत्रतज्ज्ञाकडे न्या. सीटी स्कॅन आणि नाकाची दुर्बिणीने तपासणी झाल्याशिवाय कोणत्याही शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये.

प्रश्न : माझी डीसीआर होऊन तीन आठवडे झाले. डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक पारदर्शक दोरा दिसतो आणि पाणी अजून थोडे येते. ऑपरेशन फसले का? काय पथ्य पाळावे? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : तीन आठवड्यांत असा निष्कर्ष काढता येत नाही. दिसणारा दोरा ही सिलिकॉनची नळी आहे. नवी वाट आवळू नये म्हणून ती ठेवलेली असते आणि सहसा दीड ते तीन महिन्यांनी दवाखान्यातच काढतात. ती आत आहे तोवर, आणि नाकातली सूज उतरेपर्यंत, थोडे पाणी येणे अपेक्षितच आहे. डोळा चोळू नका. नळीचा वेढा बाहेर सरकून डोळ्यावर आला तर तो ओढू नका, कापू तर मुळीच नका; गालावर चिकटपट्टीने टेकवून डॉक्टरांकडे जा.

पथ्याचा मुख्य काळ पहिल्या दोन आठवड्यांचा असतो, आणि तो तुमचा संपला आहे. तरी इतर वाचकांसाठी सांगते : पहिला दिवस कढत चहा, गरम जेवण आणि गरम पाण्याची आंघोळ टाळावी, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या फुगून घोळणा फुटू शकतो. झोपताना डोके उशांवर उंच ठेवावे. नाक शिंकरू नये. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यावी. वाकून जड घागर किंवा बादली उचलू नये. तपकीर ओढणाऱ्यांनी ती बंद करावी. पहिल्या दोन दिवसांत नाकातून थेंब-थेंब लालसर पाणी येणे चालते; रक्त न थांबता वाहू लागले तर लगेच रुग्णालय गाठावे. नाकातला फवारा आणि डोळ्याचे थेंब ‘आता बरे वाटते’ म्हणून मध्येच सोडू नयेत. नाकाच्या आतली वाट भरताना बंद होण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांतच अधिक असतो, म्हणून टाके काढल्यानंतरच्या तपासण्याही चुकवू नयेत.

प्रश्न : माझ्या दोन्ही डोळ्यांतून पाणी येते, विशेषतः पंख्याखाली आणि मोबाईल पाहताना. तपासणीत सोडलेले पाणी घशात उतरले, म्हणजे मार्ग मोकळा आहे. तरीही एका ओळखीच्यांनी डीसीआर करून घ्या असे सुचवले. करावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : करू नये. मार्ग मोकळा असताना पाणी येण्याची कारणे वेगळी असतात आणि तुमच्या वर्णनावरून डोळे कोरडे असण्याची शक्यता अधिक वाटते. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, बुबुळावरचा ओलावा सुकतो आणि त्या चुरचुरण्याला उत्तर म्हणून ग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. ॲलर्जी, पापणीच्या कडेची सूज, आत वळून टोचणारे केस, वयोमानाने सैल पडलेली खालची पापणी किंवा चेहऱ्याचा पक्षाघात यांमुळेही पाणी येते, आणि यांपैकी कशालाही नाकाच्या हाडात खिडकी पाडून गुण येत नाही. कोरडेपणाची तपासणी करून घ्या. कृत्रिम अश्रूंच्या थेंबांनी पाणी कमी झाले तर निदान तिथेच पक्के होईल.